सिमेंट रस्त्याआधीची गडर लाइन: पूर्व नागपुरातल्या एका लेआउटचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाग नदी शहर सोडून कन्हान नदीकडे जायला लागते, त्या अंगाला पूर्व नागपुरात शेतं पाडून बसवलेले कितीतरी लेआउट आहेत. हे प्रकरण त्यातल्या एकाचं. चार गल्ल्या, सुमारे 180 घरं, हजार-बाराशे फुटांचे प्लॉट आणि दहा फुटी रस्ते. प्लॉट स्टँप पेपरवर विकले गेले. घरं आधी उभी राहिली, कागद नंतर आले. 2001च्या गुंठेवारी कायद्यानंतर नागपूर सुधार प्रन्यासाकडे अर्ज गेले, शुल्काच्या डिमांड भरल्या गेल्या. काहींना आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळालं, काहींचं घोडं अजून अडलेलं आहे. अशा वस्तीत सोयी यायचा क्रम ठरलेला असतो. आधी वीज, मग नळ, मग रस्ता. गडर लाइनचा, म्हणजे मैला आणि सांडपाणी नेणाऱ्या जमिनीखालच्या पाइपाचा, नंबर सगळ्यात शेवटी, आणि ती येईतो रस्ता होऊन गेलेला असतो.

नळ आला आणि सांडपाण्याचं गणित बदललं. विहिरीवरून बादलीनं पाणी आणणाऱ्या घराचं सांडपाणी अंगणातल्या खड्ड्यात जिरून जायचं. गच्चीवर हजार लिटरची टाकी, खाली फ्लश आणि वॉशिंग मशीन आलं की तोच खड्डा आठवड्यात तुडुंब भरतो. त्यात इथली माती काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की ती फुगून बंद होते. शोषखड्ड्यातलं पाणी मग जाणार कुठे? वर येतं. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे वर्षातले चार महिने हे खड्डे नावालाच.

घराघरांत सेप्टिक टँक होते, निदान सांगायला होते. झाकण उघडून पाहिलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी खाली काँक्रीटचा तळच नव्हता. विटांच्या चार भिंती आणि वर फरशी. काही टँक तर स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेलेले, म्हणजे उपसायचे ठरवले तरी झाकणापर्यंत हात पोचणार नाही. उरलेल्या घरांचा पाइप सरळ गल्लीतल्या उघड्या नालीत, नाली नाल्यात, नाला नदीत. भांडेवाडीला दिवसाला 20 कोटी लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र आहे, तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. पण पाइपातून जे तिथवर पोचेल तेच शुद्ध होणार. या चार गल्ल्यांचं पोचत नव्हतं.

अडचण

लेआउटच्या खालच्या बाजूनं, नाल्याकाठच्या रस्त्याखाली, मुख्य गडर लाइन आधीच टाकलेली होती. तिथपर्यंत गल्ल्यांतून लाइन न्यायची, एवढंच काम दिसायला होतं. वस्तीनं मागणीही तीच केली होती. मोजणी झाली आणि तिढा समोर आला.

सर्वांत लांब गल्ली 280 मीटर. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जमिनीचा उतार मोजून फूटभर, फार तर 30 सेंटिमीटर. मुख्य लाइनच्या चेंबरचा तळ रस्त्यापासून 1.8 मीटर खाली. आता नेहमीच्या पद्धतीचा हिशेब मांडा. रस्त्यावरच्या वाहनांच्या भारासाठी पाइपावर मीटरभर माती हवी, म्हणून वरच्या टोकाला तळ 1.2 मीटर खोलीवर. सहा इंची पाइपाला साधारण 170 मीटरला 1 मीटर उतार, म्हणजे 280 मीटरमध्ये 1.65 मीटर घसरण. जमिनीचा उतार वजा केला तरी खालच्या टोकाला पाइप 2.55 मीटर खोल पोचतो. म्हणजे मुख्य लाइनच्या पाऊण मीटर खाली. पाणी वर चढत नाही. पंप बसवावा लागतो.

पंप म्हटलं की विहीर, खोली, मीटर, ऑपरेटर, जनरेटर आणि जागा. लेआउटमध्ये सार्वजनिक म्हणावी अशी एकच जागा होती, ती देवळाची. तिथे मैल्याची विहीर खोदायचा विषय कोणी बैठकीत काढलासुद्धा नाही.

दुसरी अडचण कॅलेंडरची होती. गल्ल्यांच्या सिमेंट रस्त्याला निधी मंजूर झाला होता. नागपुरात सिमेंट रस्ता म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. एकदा झाला की तो पुन्हा फोडू देत नाहीत, आणि त्याची पातळी वाढते ती वेगळीच. गडर लाइन टाकायची तर रस्त्याआधी, नाहीतर पुढची पंधरा-वीस वर्षं विसरा.

कोणते पर्याय होते

पंपासह नेहमीची लाइन हा पहिला पर्याय. कागदावर तोच सर्वांना पसंत, कारण त्याचं अंदाजपत्रक बनवायची सगळ्यांना सवय. देखभालीचा खर्च कोण उचलणार या प्रश्नावर तो थांबला.

दुसरा पर्याय होता आहे ते सेप्टिक टँक दुरुस्त करून दर दोन-तीन वर्षांनी उपसायचे. जगातल्या वाढत्या शहरांत कितीतरी घरं याच पद्धतीवर आहेत आणि ती नीट चालवली तर वाईट नाही. पण इथे तळ नसलेले टँक, ओट्याखालची झाकणं आणि न जिरवणारी काळी माती. टँकमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याला जायला जागा नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहत होता.

तिसरा पर्याय मला तेव्हाही आणि आजही विचार करण्यासारखा वाटतो. टँक तसेच ठेवायचे, जड गाळ त्यात बसू द्यायचा आणि फक्त वरचं निवळलेलं पाणी बारीक पाइपानं न्यायचं. ही पद्धत 1960च्या सुमारास आजच्या झांबियात सुरू झाली. गाळ नसल्यामुळे पाइप जवळजवळ सपाट टाकता येतो, मध्ये थोडा उंचसखल झाला तरी चालतो. सपाट पूर्व नागपूरला याहून सोयीचं काय असणार? अट एकच: प्रत्येक टँक खरा असला पाहिजे आणि वेळेवर उपसला गेला पाहिजे. एकानं आळस केला किंवा संडासाचा पाइप टँक टाळून थेट जोडला, की सगळ्या गल्लीचा बारीक पाइप गाळानं बसतो. 180 घरांत बहुतेक टँक नव्यानं बांधायचे तर हा पर्याय सर्वांत महाग पडत होता. खर्च घरमालकाच्या खिशातून, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नव्हता, एवढंच.

चौथा पर्याय नाला तोंडाशी अडवून सगळं पाणी मुख्य लाइनमध्ये वळवायचा. नदी थोडी स्वच्छ होते, गल्ली तशीच राहते.

पाचवा पर्याय उथळ लाइनचा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या नाताल शहरात 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गरीब, दाट वस्त्यांत तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. पुढे राजधानी ब्राझिलियानं गरीब-श्रीमंत असा भेद न करता तो स्वीकारला. कल्पना साधी आहे. जिथून ट्रक जात नाही तिथे पाइप खोल गाडायचं कारण नाही. हातभर मातीखाली, घरांच्या कडेनं न्यायचा. माणूस उतरेल एवढे मॅनहोल बांधायचे नाहीत, वरून हात पोचेल असे लहान चेंबर बांधायचे. उतार ठरवताना पाण्याचा वेग न पाहता पाणी पाइपाच्या तळाला किती जोरानं घासतं ते पाहायचं. तो घासण्याचा जोर 1 पास्कल असला तर गाळ बसत नाही, असं तिथे मानलं गेलं. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणी-सांडपाण्याच्या तांत्रिक संस्थेच्या 2013च्या नियमपुस्तिकेतही उथळ लाइनला जागा आहे, त्यामुळे हे काही नियमाबाहेरचं नव्हतं. सवयीबाहेरचं होतं.

कराचीच्या ओरंगी वस्तीचं उदाहरणही बैठकीत आलं. तिथे 1980 पासून अख्तर हमीद खान यांच्या पुढाकारानं लोकांनी गल्लीगल्लीतून स्वतःच्या पैशांनी लाइन टाकल्या. घर आणि गल्ली लोकांची, मुख्य वाहिनी सरकारची अशी वाटणी होती. एका गृहस्थांनी लगेच विचारलं, ‘‘मंग ते पाणी शेवटी कुठं गेलं?’’ नाल्यात गेलं. बराच काळ नाल्यातच गेलं. प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे मुख्य लाइन आधीच होती, हे आपलं नशीब.

पहिला निर्णय: उतार

उथळ लाइनचा हिशेब असा. पाइप रस्त्याच्या मधून न नेता एका बाजूनं, घरांच्या जोत्याला धरून न्यायचा. वरच्या टोकाला तळ अर्धा मीटर खोल. उतार 215 मीटरला 1 मीटर. 280 मीटरमध्ये घसरण 1.3 मीटर, जमिनीचा उतार वजा जाता खालच्या टोकाला खोली 1.5 मीटर. मुख्य लाइनचा तळ 1.8 वर. 30 सेंटिमीटर शिल्लक. पंप गेला.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. 170 आणि 215 या उतारांतल्या फरकानं वाचले जेमतेम 35 सेंटिमीटर. खरी बचत झाली ती सुरुवातीच्या खोलीत, 1.2 ऐवजी 0.5. उथळ लाइनचं श्रेय लोक नव्या सूत्राला देतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक श्रेय पाइप वाहनांच्या वाटेतून बाजूला काढण्याला आहे. सूत्र न पटणाऱ्या अभियंत्यालाही ही गोष्ट पटते, आणि चर्चा तिथून सुरू करावी.

आमच्याकडे ती सूत्रापासून सुरू झाली. संबंधित खात्यातल्या अभियंत्यांनी टेबलावरच गणित केलं. सहा इंची पाइप, 215चा उतार, पूर्ण भरून वाहताना वेग सेकंदाला 0.59 मीटर. ‘‘नियमात 0.6 आहे.’’ ते चुकीचं बोलत नव्हते. पण या गल्लीत पाइप कधी पूर्ण भरून वाहणारच नव्हता. 45 घरं, घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी. सेकंदाला सरासरी येतं 0.28 लिटर, म्हणजे तांब्यापेक्षाही कमी. अशा पाइपात सरासरीला अर्थ नसतो. एखाद्या घरात फ्लश ओढला की जी लाट येते, ती गाळ ढकलत नेते. म्हणून उथळ लाइनच्या हिशेबात प्रवाह कितीही कमी असला तरी सेकंदाला 1.5 लिटर धरतात. त्या प्रवाहाला 215चा उतार पुरतो.

दोन बैठका यावर गेल्या. शेवटी मान्यता मिळाली ती गणितानं नव्हे, 30 सेंटिमीटर शिल्लक आहेत आणि गरज पडली तर उतार थोडा वाढवता येईल, या आश्वासनावर.

दुसरा निर्णय: पाइप केवढा

ब्राझीलमध्ये अशा गल्लीला चार इंची, म्हणजे 100 मिलिमीटरचा पाइप घालतात. वस्तीच्या बैठकीत हा आकडा सांगितला आणि गोंधळ उडाला. मागून एक बाई म्हणाल्या, ‘‘सिव्हिल लाइन्सात नऊ इंची, अन् आमच्याकडं चार इंची? गरिबाइले बारीक पाइप?’’ टाळ्या पडल्या.

मोठा पाइप म्हणजे चोकअप कमी, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्याशी वाद घालणं अवघड. पाणी तेवढंच असेल तर मोठ्या पाइपात ते पसरतं आणि उथळ होतं. सेकंदाला 1.5 लिटर आणि हाच उतार धरला, तर चार इंचीत पाण्याची खोली साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येते, सहा इंचीत चारच्या थोडी आत, नऊ इंचीत साडेतीनच्याही खाली. तळाला घासण्याचा जोर चार आणि सहा इंचीत एक पास्कलच्या किंचित वर राहतो, नऊ इंचीत किंचित खाली जातो. फरक फार नाही, पण आहे तो उलट्या दिशेनं.

शेवटी सहा इंची ठरला. गणित चार इंचीच्या बाजूनं होतं, तरी मी याला तडजोड म्हणणार नाही. अभियंत्यांचं म्हणणं होतं की गडर लाइनमध्ये फक्त मैला येत नाही. फडकी येतात, पॅड येतात, भांडी घासायची राख येते, पोरांचे चेंडू येतात. शिवाय महापालिकेकडे लाइन हस्तांतरित करायची तर पुढे दुरुस्तीला सहा इंचीचे जोड सहज मिळतात. दोन्ही मुद्दे खरे होते. पावसानं पुढे तिसरा मुद्दा दाखवला, तो खाली येईलच.

पाइप पीव्हीसीचा, रबरी रिंगच्या जोडाचा. सिमेंटनं सांधलेल्या चिनी मातीच्या पाइपाची जुनी सवय इथे सोडावी लागली. काळी माती दरवर्षी फुगते-आकसते आणि उथळ पाइपाला ती हालचाल जास्त जाणवते. कडक सांधा तडकतो, रिंगचा थोडा हलून घेतो. पाइपाखाली आणि भोवती मुरूम भरला. खोदलेली काळी माती परत भरायची नाही, एवढ्या एका वाक्यासाठी ठेकेदाराशी रोज हुज्जत झाली.

तिसरा निर्णय: चेंबर कोणाच्या दारात

पाइप घरांच्या मागून न्यायचा की पुढून? ब्राझीलमधल्या मूळ कल्पनेत परसातून नेणं सर्वांत स्वस्त. इथे परस उरलंच नव्हतं. मागे सोडलेल्या तीन फुटी बोळात कुठे मोरी, कुठे जिना, कुठे भाडेकरूची खोली. एकेकाची अतिक्रमणं काढत बसलं असतं तर रस्त्याचा निधी परत गेला असता. म्हणून पुढून, ओट्यांच्या कडेनं.

मग खरा प्रश्न आला. दर दोन-तीन घरांमागे एक चेंबर हवा, तो कोणासमोर? ‘‘चेंबर तर पाहिजेच जी, पण माह्या दारासमोर नाही,’’ असं म्हणणारे पहिल्या गल्लीत निम्मे तरी होते. वास, देवघर, वास्तू, मुलीचं लग्न ठरायचं आहे, कारणं वेगवेगळी. त्यामागे एक पक्कं कारण होतं ते एका काकाजींनी बोलून दाखवलं: ‘‘चोक झालं त पाणी माह्याच ओट्यावर येईल ना. अन् साफ कोण करन?’’

यावर तोडगा वस्तीतल्याच एका निवृत्त शिक्षकांनी काढला. चेंबर दोन घरांच्या सामाईक भिंतीच्या रेषेवर, अर्धा यांचा अर्धा त्यांचा. दोघांनी मिळून तो उघडा, मोकळा ठेवायचा, वर कुंडी किंवा गाडी ठेवायची नाही. गल्लीची लाइन महापालिकेची, घरापासून चेंबरपर्यंतचा पाइप आणि घरातली जाळी घरमालकाची. हे सगळं साध्या कागदावर लिहून प्रत्येक गल्लीत सह्या घेतल्या. कायद्याच्या दृष्टीनं त्या कागदाची किंमत किती, यावर मतं असू शकतात. पण पुढे भांडण झालं तेव्हा प्रत्येक वेळी तोच कागद बाहेर निघाला.

चेंबर अर्धा ते दीड मीटर खोल. त्यात माणूस उतरवायचं कारण नाही, जागाही नाही. वरूनच बांबूच्या पट्टीनं किंवा जेटिंगच्या नळीनं मोकळा करता येतो. 2013च्या कायद्यानं गटारात माणूस उतरवण्याची जोखमीची सफाई बंद केली आहे, तरी ती थांबलेली नाही. उथळ लाइनच्या बाजूनं बोलताना मी खर्चाच्या आधी हाच मुद्दा ठेवतो.

चौथ्या गल्लीत सह्या झाल्या नाहीत. तिथे दोन घरांचा हद्दीचा जुना वाद होता आणि सामाईक भिंतीची रेषा कोणती, इथूनच सुरुवात झाली. त्या गल्लीत रस्ता आधी झाला.

काम

उन्हाळ्यात खोदाई झाली. उथळ खोदाईचा एक फायदा आधी कोणी लक्षात घेतला नव्हता. जोती जेमतेम दोन फूट खोल असलेल्या घरांच्या शेजारी अडीच मीटरचा चर खणला असता तर भिंतींना तडे गेले असते. अर्ध्या-पाऊण मीटरच्या चराला ती भीती नव्हती. खालच्या टोकाला, जिथे खोली वाढत गेली, तिथे बाजूंना फळ्यांचा टेकू देऊन सहा-सहा मीटरचे तुकडे केले.

घरांची जोडणी सर्वांत वेळखाऊ. प्रत्येक मोरीला जाळी, प्रत्येक जोडणीला पाणी अडवणारा ट्रॅप, नाहीतर वास घरात. एका गल्लीच्या तोंडाशी सावजी भोजनालय होतं, खालची दोन टेबलं आणि वर घर. तिथे तेलासाठी वेगळा चेंबर बांधला, पाणी खालून जातं आणि तेल वर तरंगत राहतं अशा रचनेचा. मालकाला आधी तो फालतू खर्च वाटला. पंधरा दिवसांनी झाकण उघडून दाखवलं तेव्हा तर्रीचा बोटभर लाल थर वर जमला होता. ‘‘हे सगळं पाइपात गेलं असतं का?’’ गेलं असतं, आणि डिसेंबरच्या थंडीत पाइपातच गोठलं असतं.

रस्त्याचा ठेकेदार आणि लाइनचा ठेकेदार वेगवेगळे. सिमेंट ओतलं गेलं तेव्हा दुसऱ्या गल्लीतले काही चेंबर काँक्रीटखाली गेले. त्यातले बहुतेक लगेच कापून उघडले, एक-दोन पुढे चोकअप झाल्यावरच सापडले.

पहिला पावसाळा

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात दुसऱ्या गल्लीच्या खालच्या तीन चेंबरमधून पाणी उसळलं. ‘‘सांगितलं होतं नऊ इंची टाका,’’ हे ओघानं आलंच.

पाऊस चालू असताना चेंबर उघडून पाहिले. वरच्या निम्म्या गल्लीत पाइप जवळजवळ रिकामा होता. मधल्या काही घरांपासून पुढे मात्र पाणी भरून चाललं होतं, आणि ते मैल्याचं नव्हतं, नुसतं गढूळ पावसाचं होतं. गच्चीचे पाइप. सिमेंट रस्ता उंच झाल्यामुळे अंगणात पाणी तुंबायला लागलं होतं, आणि लोकांनी सरळ उपाय केला: गच्चीचं आणि अंगणाचं पाणी नव्या चेंबरमध्ये सोडलं.

600 चौरस फुटांची गच्ची, तासाला 50 मिलिमीटर पाऊस. त्या एका गच्चीवरून तासाला 2,800 लिटर पाणी उतरतं, म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरहून जास्त. अख्ख्या गल्लीतल्या 45 घरांचं सरासरी सांडपाणी सेकंदाला 0.28 लिटर. म्हणजे एकट्या गच्चीतून गल्लीभरच्या सांडपाण्याच्या अडीच पटींहून जास्त पाणी. या उतारावर सहा इंची पाइप पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला सुमारे 10 लिटर नेतो. 13-14 गच्च्या जोडल्या की संपला. चार इंची असता तर चार-पाच गच्च्यांतच संपला असता. नऊ इंची असता तर चाळीस गच्च्यांपर्यंत निभावलं असतं, आणि तेवढ्याच वेगानं ते पाणी मुख्य लाइनमध्ये आणि तिथून पुढच्या वस्तीच्या चेंबरमधून वर आलं असतं.

हा हिशेब गल्लीत, पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून लावला. त्यानं काही जण पटले. बाकीच्यांना पटलं ते खालच्या टोकाच्या वहिनी वरच्या टोकाच्या घरी जाऊन ‘‘तुमच्या गच्चीचं पाणी माह्या मोरीतून निघून राहिलं, या पाहायले’’ म्हणाल्या तेव्हा. दिवाळीपर्यंत बहुतेक गच्च्यांचे पाइप बाहेर काढले गेले. पण काढून सोडायचे कुठे? रस्त्याच्या कडेला पावसाळी नाली रस्त्याच्या कामात होती, पण अर्धवट. ती पूर्ण करून घ्यायला आणखी एक वर्ष गेलं.

आजची स्थिती

तीन गल्ल्यांतली बहुतेक घरं जोडलेली आहेत. उघडी नाली आता पावसाच्या पाण्यापुरती. चोकअप होतात, जास्त करून सणासुदीनंतर आणि जास्त करून त्याच ठिकाणी, जिथे वळणावर चेंबर वाचवला होता. मुख्य लाइन भरून वाहते तेव्हा खालच्या टोकाला पाणी मागे येतं. त्यावर या लेआउटकडे उपाय नाही. 23 सप्टेंबर 2023ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला, तसा दिवस कोणत्याच लाइनच्या हिशेबात बसत नाही.

काही घरांनी जुना टँक न बुजवता त्यातूनच पाइप पुढे काढला. दिसायला बरं, पण टँक भरला की साठलेला गाळ एका दमात लाइनमध्ये येतो.

देखभालीची उत्सुकता दोन वर्षांत ओसरली. गल्लीतल्या समितीच्या बैठका बंद झाल्या. तक्रार आता थेट महापालिकेच्या झोन कार्यालयात जाते, आणि खरं सांगायचं तर ते योग्यच आहे. सिव्हिल लाइन्सातला माणूस स्वतःची गडर लाइन स्वतः साफ करत नाही. या वस्तीनं कायम करावी ही अपेक्षा मला कधीच पटली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पावसाळी नाली आधी, गडर लाइन नंतर. निधीची शीर्षं वेगळी असल्यामुळे हे बोलणं सोपं आणि करणं कठीण, पण क्रम हाच हवा होता. तो जमत नसेल तर निदान घराची जोडणी देण्याआधी गच्चीचा पाइप कुठे जातो ते पाहून नोंद करायला हवी होती. जोडणी ही एकच वेळ असते जेव्हा घरमालक ऐकायला तयार असतो.

दोन्ही ठेकेदारांच्या कामात एक समान पातळीचा नकाशा हवा होता, चेंबरच्या झाकणाची उंची तयार रस्त्याच्या पातळीनं ठरवलेली. जुना टँक उपसून, मुरूम भरून बुजवणं हा जोडणीच्याच कामाचा भाग करायला हवा होता. घरमालकावर सोडलं की राहतं.

वळणावरचा चेंबर वाचवू नये. वाचतात ते थोडे पैसे, जातात ते दर दोन महिन्यांनी.

आणि बैठकीत ‘चार इंची’ हा शब्द पहिल्या दिवशी काढायची गरज नव्हती. लोकांना खोली आणि पंपाचा प्रश्न आधी दाखवला असता, तर पाइपाचा आकार हा मानापमानाचा विषय झाला नसता. त्या बाईंचा राग पाइपावर नव्हताच.

चौथ्या गल्लीनं आता लाइन मागितली आहे. हद्दीचा वाद मिटला, एका घराची विक्री झाली. सिमेंट रस्त्याची एक कड दोन फूट रुंद कापून तीत पाइप बसवता येईल, पण कापणं आणि परत भरणं याचा अंदाज पाइप आणि चेंबर मिळून येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त येतो. घरांनी थोडा वाटा उचलावा असा प्रस्ताव आहे. बाकीच्या तीन गल्ल्यांना रस्त्याबरोबर लाइन फुकट मिळाली, आम्हीच का भरायचे, असं तिथल्यांचं म्हणणं. प्रस्ताव झोन कार्यालयात आहे.